तामलवाडीच्या माळावरची लांडगीण

सोलापूरहून सकाळच्या एसटीने निघालो आणि तामलवाडीला उतरलो. आमच्या संस्थेने गावामागच्या 'पडीक' माळावर झाडं लावायचं ठरवलं होतं. खड्डे नीट पडतात का, एवढंच मला बघायचं होतं. पण माळ काही पडीक दिसेना. गुडघाभर पिवळं गवत वाऱ्यावर लवत होतं, वर चंडोल गात होते. पँटीत घुसलेली गवताची टोकदार कुसळं उपटत मी चालत राहिलो.

पोहोचलो तर खड्डे खणणारं पोकलेन थांबलेलं. पुढ्यात एक सत्तरीचे शेतकरी मांडी घालून बसले होते, गळ्यात इष्टलिंग, डोक्याला मळकं मुंडासं. नाव शिवाप्पा. त्यांच्या मागे थोड्या अंतरावर एक घळ होती.

"आत लांडगीण व्यालीय," ते म्हणाले. "हितं खड्डा पडणार न्हाय."

कामावरचा मुकादम हसला. "अप्पा, गेल्या महिन्यात तुमचीच शेळी नेली ना तिनं?"

"नेली की. लई शिव्या दिल्या म्या तिला."

त्यांना मदत म्हणून मी हळूच सुचवलं, "लांडगे असले की रानडुकरं कमी होतात, पिकं वाचतात, असं सांगा ना."

अप्पांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "न्हाय सांगायचं. उद्या डुकरं संपली, तर मग लांडगा मारायचा व्हय? त्यो कुणाच्या कामाचा नसला तरी त्याला जगायचंय. बस्स."

मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. मुकादमाने फोन लावून माझ्या हातात दिला. पलीकडून आमच्या संस्थेचे साहेब ओरडत होते. मी उठलो नाही.

दुपारी अप्पांच्या सुनेने भाकरी आणि शेंगांची चटणी आणली. पोकलेनवाल्यालाही खाली बोलावून वाढलं. ऊन कलल्यावर त्याने यंत्र रस्त्याकडे वळवलं. तिकडचा निम्मा माळ आधीच उकरलेला होता. तो वाचवायला मला उशीर झाला होता.

परत आल्यावर साहेबांनी लेखी खुलासा मागितला: न खोदता सोडलेल्या त्या जागेचा उपयोग काय, सविस्तर लिहा. अशा कागदांवर मी आजवर पाणी, हवा, पर्यटन असलं काहीबाही भरत आलो होतो, जणू डोंगर-रानं आपल्याकडे नोकरीलाच आहेत. या वेळी लिहिलं, "उपयोग माहीत नाही. तिथे लांडगे राहतात. तिथे खोदायचं नाही."

आणि खाली ठसठशीत सही केली.