उघडायचा नाही असा डबा

कर्करोगाच्या गाठीवर प्रोटॉनचा झोत सोडायच्या आधी तो नेमका कुठे पडतो, हे दाखवणारी एक चकती आम्ही बोईसरला बनवत होतो. आमच्या धंद्यात तिला सिंटिलेटर म्हणतात. नखाएवढी, पातळ. तिच्यात डोळ्यांना कधीच दिसणार नाहीत इतके बारीक स्फटिक. प्रोटॉन आदळले की हिरवे उजळतात. गुणाचे भारी, पण नखरे विचारू नका. दमट हवा लागली की मान टाकतात. आणि मी राहते सातपाटीला, जिथे बंद बरणीतल्या मिठालाही पाणी सुटतं.

चाचणीच्या आदल्या दिवशी युनिटातली वीज गेली आणि कोरड्या हवेचं यंत्र बंद पडलं. चांगली चकती एकच उरली होती. ती हवाबंद स्टीलच्या डब्यात घालून घरी आणली. मुंबईत झोताखाली चकती तपासायची आमची पाळी सकाळी होती. ती हुकली तर काम गुंडाळायचं, असं वरून बजावलेलं. मीही आईला बजावलं, डबा उघडायचा नाही.

सकाळी आंघोळ करून आले तर डबा देव्हाऱ्यापुढे. झाकणावर हळदकुंकू, बाजूला फोडलेला नारळ, आणि डब्यावरून ओघळणारं नारळाचं पाणी. आमच्याकडे नवं जाळं पहिल्यांदा समुद्रात जायच्या आधी असंच करतात. पण जाळं पूजेला उलगडून ठेवतात, हे मला आठवलं.

"आये, डबा उघडलास?"

"नाय गो."

"खरं सांग."

"नाय म्हनते ना! पूजा वरूनच केली."

जन्मभर मासळीबाजारात भाव केलेल्या बाईचा चेहरा. त्यावरून काय कळणार? खात्री करायची तर डबा उघडायचा, आणि उघडला की सातपाटीची हवा आत. दारात गाडीवाला हॉर्न वाजवत होता. माझा हात झाकणावर गेला. नारळ उचलून भिरकावून द्यावा, इतकी मी संतापले होते.

"आयशीवर इस्वास नाय तर उघड," ती म्हणाली.

मी डबा पुसला आणि निघाले. हायवेभर तो मांडीवर होता. दोनदा बोटं झाकणाच्या कडीपर्यंत गेली, दोनदा मागे घेतली.

तिथल्या कोरड्या खोलीत डबा उघडला. चकतीच्या कडेला पांढुरका डाग पडला होता. झोत सुरू झाला, चकतीवर रोखलेल्या कॅमेऱ्याचा पडदा काळाच. मग मधोमध एक हिरवा ठिपका उमटला आणि तसाच टिकला. सगळ्यांसमोर मला रडू कोसळलं.

बाहेर येऊन आईला फोन लावला.

"मंग? लागला मासा?"

"लागला."

"उघडलेला मी. हात जोडले नि लगेच झाकन लावलं."

"मग सकाळी खोटं का बोललीस?"

"खरं बोलले असते तर तूबी उघडून पाह्यलं असतंस."