जहाज परत येईपर्यंत

आमच्या शाळेत रजेचा एक नियम होता. तो कोठेही लिहिलेला नव्हता, पण सर्वांना पाठ होता. शारजातील ती एक खासगी भारतीय शाळा होती आणि सर्व शिक्षकांचे पासपोर्ट व्यवस्थापकांच्या लोखंडी कपाटात असत. रजेवर जाणाऱ्याला पासपोर्ट हवा असेल, तर दुसऱ्या एका शिक्षकाने जामीन राहायचे. जाणारा परत येईपर्यंत जामिनाला रजा मिळत नसे. कायद्याने पासपोर्ट ज्याचा त्याच्याकडे असावा हे आम्हाला ठाऊक होते आणि व्यवस्थापकांनाही ठाऊक होते. परंतु आमचे व्हिसा शाळेच्या नावावर होते, आणि त्यामुळे तो विषय कोणी काढत नसे.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, मार्चच्या सुट्टीत, मी माझ्या खोलीतल्या सोबत्याला जामीन राहिलो. ते गणित शिकवत. आम्ही दोघेही सातारा जिल्ह्यातले होतो आणि दोन वर्षे एका गॅसवर स्वयंपाक करत होतो. त्यांच्या मेहुण्याचे लग्न होते. "सर, पंधरा दिवसांत येतो. तेवढं माझ्या कुंडीतल्या पुदिन्याला पाणी घाला," असे सांगून ते गेले.

एप्रिलमध्ये नवे शालेय वर्ष सुरू झाले, तरी ते परतले नव्हते. गणिताच्या तासाला मुले गोंगाट करू लागली. त्याच आठवड्यात धाकट्या भावाचा फोन आला. अण्णांना, म्हणजे आमच्या वडिलांना, अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू गेली होती आणि बोलणे तुटक झाले होते. भाऊ म्हणाला, "डॉक्टर म्हणतात, बघून जायचं असेल त्यांना बोलावून घ्या. दादा, तू निघ."

मी व्यवस्थापकांकडे गेलो. ते लखनौचे, अतिशय मृदू बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी मला बसवले, चहा मागवला, अण्णांच्या प्रकृतीची चौकशी केली आणि म्हणाले, "मास्टरजी, आपका आदमी आ जाए, आप उसी शाम निकलिए. मैं ख़ुद टिकट करवा दूँगा. आज-कल में आ ही जाएगा, इन्शाल्ला."

दुसरा कोणी जामीन चालेल का, असे मी विचारले. तेव्हा त्यांनी हसून मान हलवली. जो स्वतःच जामीन आहे, त्याला जामीन कसा मिळणार? त्यांच्या तर्कात मला चूक काढता आली नाही.

त्या दिवसांत नववीला मी प्राचीन ग्रीस शिकवत होतो. पाठ्यपुस्तकात समुद्रप्रवासाला जेमतेम अर्धे पान होते. दंतकथेमागे इतिहास कसा शोधायचा हे मुलांना कळावे, म्हणून मी एक उदाहरण घेतले. अथेन्समध्ये एक कथा सांगत. पूर्वी क्रीट बेटाच्या राजाला सात तरुण आणि सात तरुणी खंडणी म्हणून पाठवाव्या लागत आणि तेथील चक्रव्यूहात एक बैलमुखी राक्षस त्यांना खाई. एका राजपुत्राने त्याला मारले आणि सर्वांना जहाजातून परत आणले. आता राक्षस बाजूला ठेवा, असे मी मुलांना सांगितले. मग काय उरते? क्रीटचे आरमार एके काळी बलाढ्य होते हे उरते. तेथे उत्खननात इतक्या दालनांचा राजवाडा सापडला की परक्याला तो चक्रव्यूहच वाटावा. आणि उरते एक जहाज.

ते जहाज अथेन्सच्या लोकांनी खरोखरच जपले होते. फळी कुजली की नवी बसवत. दरवर्षी नवस फेडायला ते डेलॉस नावाच्या पवित्र बेटावर जाई. ते परत येईपर्यंत शहरात कोणालाही देहदंड द्यायचा नाही, असा दंडक होता. एका वृद्ध तत्त्वज्ञाला विषप्राशनाची शिक्षा झाली, तेव्हा आदल्याच दिवशी जहाजाच्या मागच्या टोकावर हार चढून यात्रा सुरू झाली होती. त्यामुळे तो सुमारे महिनाभर कोठडीत जहाजाची वाट पाहत राहिला.

पुढच्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. "सर, व्हाय वन मंथ? इट्स सो नियर."

मी फळ्यावर नकाशा काढला. डेलॉसहून अथेन्सला यायचे तर वायव्येकडे जायचे, आणि वारा बहुधा उत्तरेचा. चौकोनी शिडाचे जहाज वाऱ्याच्या तोंडावर चालत नाही. वल्ही मारणारी माणसे थकतात. मग एखाद्या बेटाच्या आडोशाला नांगर टाकून वारा पडेपर्यंत थांबायचे. आपल्या खाडीत शमाल, म्हणजे वायव्येचा जोरदार वारा, सुटला की इराणला जाणारी लाकडी गलबते फ्रीज आणि टायर लादून तशीच थांबलेली असतात, हे मुलांनी पाहिलेले होते.

"सो द विंड गेव्ह हिम एक्स्ट्रा लीव्ह," मागून एक मुलगा म्हणाला.

"लाइक मॅथ्स सर," दुसरा म्हणाला, आणि वर्ग हसला. मीही हसलो.

ती मुलगी हसली नाही. "बट सर, इफ द शिप नेव्हर केम?"

"तर तो कोठडीतच राहिला असता," मी म्हणालो. घंटा झाली. हातातल्या खडूचे मी बारीक तुकडे केले होते, हे मला फळा पुसताना दिसले.

शुक्रवारी सोबत्यांचा फोन आला. त्यांचा आवाज पडलेला होता. तालुक्याच्या हायस्कूलमध्ये त्यांना कायम नेमणूक मिळाली होती. नऊ वर्षे ते त्या जागेच्या मागे होते. सोमवारी हजर व्हायचे होते.

मी त्यांना अण्णांबद्दल सांगितले.

"सर, मी येतो," ते म्हणाले. "दोन दिवसांसाठी येतो. पासपोर्ट जमा करतो, तुम्ही निघा. मग मी राजीनामा देतो. पण तुम्हीच सांगा, मी तिथं आलो तर ते मला परत सोडतील का?"

त्यांच्या करारात अजून एक वर्ष शिल्लक होते. व्यवस्थापक त्यांनाही बसवतील, चहा मागवतील आणि इन्शाल्ला म्हणतील. 'सोडतील' असा एक शब्द मी उच्चारला असता, तर ते दुसऱ्याच दिवशी विमानात बसले असते.

"नाही सोडणार," मी म्हणालो.

"मग तुमचं काय?"

"तुम्ही सोमवारी हजर व्हा."

दुसऱ्या दिवशी मी व्यवस्थापकांना सर्व सांगितले. ते रागावले नाहीत. कपाटाकडे एकदा पाहून म्हणाले, "तो अब आप ही रह गए, मास्टरजी. दूसरा मॅथ्स टीचर आने तक कैसे छोड़ूँ? गर्मी की छुट्टी में देखेंगे."

उन्हाळ्याची सुट्टी जुलैत लागे. आमच्या खोलीत खाटांमध्ये एका माणसापुरती वाट होती. त्या वाटेने मी खिडकीपर्यंत जाई आणि परत दारापर्यंत येई. बाहेर जायला मला कोणी अडवलेले नव्हते. रोल्याच्या बागेत, खाडीवर, अगदी दुबईपर्यंत मी हवा तेव्हा जाऊ शकत होतो.

पुढच्या शुक्रवारी, फोनचे दर उतरल्यावर, मी बूथवरून घरी फोन लावला. भावाने रिसीव्हर अण्णांच्या कानाशी धरला. त्यांचा श्वास ऐकू आला. मग जड जिभेने त्यांनी विचारले, "कधी... येणार?"

"अण्णा, जुलैत," मी म्हणालो.

भावाने रिसीव्हर परत घेतला. "दादा, त्यांना आता महिने कळत नाहीत," तो हळू आवाजात म्हणाला. "तू उद्या म्हण ना. पुन्हा देतो."

रिसीव्हर पुन्हा त्यांच्या कानाशी गेला.

"अण्णा, उद्या येतो," मी म्हणालो.

"बरं," अण्णा म्हणाले. तो शब्द त्यांनी अगदी स्पष्ट उच्चारला.

त्याच्या पुढच्या शुक्रवारीही मी तेच सांगितले.