चाळीस कोंबड्यांचा कळप

चितेगावच्या मुंजाबाला कुणी कोंबडीवाला म्हटलं की तो ऐकू न आल्यासारखं करायचा. पिढीजात मेंढपाळ, पायाला भिंगरी लागलेला माणूस. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन निघायचं, या शेतात चार दिवस, त्या शेतात चार दिवस, आणि पावसाच्या तोंडावर परत. पण पैठण रोडला कंपन्या आल्या, मागोमाग प्लॉटिंग आलं, आणि चराईला पाय ठेवायला जागा उरली नाही. मेंढरं विकली. तेव्हापासून दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्यावर खेकसणं एवढाच त्याचा धंदा.

पोरगा अजिनाथ कंपनीत कामाला. त्यानं बापासाठी गेटवर वॉचमनची जागा बघून ठेवली होती. मुंजाबाला त्या शब्दाचीच शिसारी. एवढ्यात बायकोनं, बानाबाईनं, बचत गटातून फिरतं खुराडं आणलं. लोखंडी सांगाडा, जाळी, वर पत्रा, मागं दोन चाकं आणि तळ उघडा. रोज सकाळी पुढून उचलून दहा पावलं ओढायचं, म्हणजे कोंबड्यांना ताजं गवत मिळतं आणि मागं जमिनीला खत. आत बॉयलरची चाळीस पिल्लं.

मुंजाबानं आधी नाक मुरडलं. पण पहिल्या सकाळी खुराडं ओढलं, आतला पांढरा घोळका पुढं सरकला, आणि म्हातारा कितीतरी दिवसांनी हसला. खरं सांगायचं तर कोंबड्यांशी त्याला काडीचं देणंघेणं नव्हतं. त्याला हलायला मिळालं होतं.

ते बघून अजिनाथ म्हणाला, "आबा, ही पहिली खेप नीट विकली तर मी गेटचं नाव काढणार नाय. नाय तर तुमी माझं ऐकायचं."

"कबूल," मुंजाबा म्हणाला.

पाच आठवडे सगळं सुरळीत चाललं. सोमवारी दुकानदार पक्षी न्यायला येणार होता. खुराडं फिरायचं त्या घराशेजारच्या मोकळ्या प्लॉटवर शुक्रवारी मालकाचा माणूस आला. कंपाउंड घालायचं आहे, उद्या जागा मोकळी करा, म्हणाला. मुंजाबानं तडक बद्रीनाथ नानांचं रान गाठलं. त्याच्या बापाची मेंढरं खतासाठी त्या रानात बसायची.

"आण की," नाना म्हणाले. "पडीकच पडलंय."

रान कोसभर लांब. अजिनाथ म्हणाला, "उद्या ड्युटीवरून सुटलो की संध्याकाळी टेम्पो आणतो. तवर त्या माणसाला मी थांबवतो."

"आपली जितराबं गाडीत बसून रानात गेली का कधी?" मुंजाबा म्हणाला. "पायानं जातील."

"आवं, ती मेंढरं नाईत," बानाबाई म्हणाली.

"मग कोंबडीला पाय नसतात व्हय?"

जित्याची खोड, दुसरं काय! शनिवारी अजिनाथ कामावर गेला आणि सातच्या सुमाराला मुंजाबानं खुराडं उचललं. चैत्राचं ऊन अजून कोवळं होतं. नवरा पुढून ओढतोय, बायको मागून रेटतेय, आत चाळीस कोंबड्या चालताहेत. गाडीवाटेला लागल्यावर त्यानं मेंढरांना घालायची तशी हाळी घातली. त्याची छाती भरून आली होती.

शंभर पावलांवर कोंबड्या बसल्या. मांसासाठी वाढवलेला पक्षी तो, छाती जड, पाय लुळे. दहा पावलं चालला की बसायचा. मुंजाबा थांबला, त्यांना उठवलं, पुन्हा ओढलं. पुन्हा बसल्या. एकीचा पाय मागच्या दांडीखाली आला. मेंढरांचं बरं असतं, एक पुढारी मेंढी हलली की कळप हलतो. इथं कुणीच कुणाच्या मागं जात नव्हतं. तरी मुंजाबाला वाटत होतं, सवय लागेल.

दहा वाजले, अकरा वाजले. वाट अर्धीही सरली नव्हती आणि वरचा पत्रा तव्यासारखा तापला. कोंबड्या चोची उघडून धापा टाकायला लागल्या. बानाबाईनं खुराडं एका बाभळीखाली घ्यायला लावलं. सावली कसली, पानांची नुसती जाळी. सोबतच्या कॅनमधलं होतं नव्हतं ते पाणी त्यांच्या अंगावर शिंपडलं. तिनं अजिनाथला चार वेळा फोन लावला. कामावर फोन जवळ ठेवायला परवानगी नाही, हे तिला ठाऊक होतं. तरी लावला.

मग त्या मरायला लागल्या. ओरडल्यासुद्धा नाहीत. बसलेली कोंबडी मान टाकायची, एवढंच. मेलेल्या वरच्या पत्र्यावर ठेवून मुंजाबानं खुराडं पुन्हा ओढायला घेतलं.

"चला," मुंजाबा म्हणत राहिला. "आलं रान. चला गं बायांनो."

नानांच्या बांधाला पोचले तेव्हा सहा जिवंत होत्या, त्यातल्या दोन लंगड्या. नानांनी खुराड्यात बघितलं. गड्याला कुदळ आणायला सांगितली. बांधालगत खड्डा खणून मेलेल्या कोंबड्या पुरल्या. मुंजाबा एकेक हातात घ्यायचा, पिसं सारखी करायचा आणि खाली ठेवायचा. बानाबाईला त्याचा राग आला होता, पण त्याच्याकडं बघून ती खाली बसली आणि माती लोटायला लागली.

दिवस मावळायच्या आत अजिनाथ टेम्पो घेऊन आला. घरी कुणी नाही म्हणून तो शोधत इथवर पोचला होता. त्यानं खुराडं पाहिलं, ओल्या मातीचा ढीग पाहिला. मग तो उरलेल्या सहा कोंबड्यांना पाणी पाजायला बसला. त्यापेक्षा त्यानं बापाला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

शेवटी मुंजाबानंच विचारलं, "त्या गेटवर काय करावं लागतं?"

"काय नाय, आबा," अजिनाथ हळू म्हणाला. "खुर्ची देतेत. बारा तास जागचं हलायचं नाय, एवढंच."