काठमांडूची पंधरा मिनिटे

कांजीचा वास आधी येतो — शिजलेल्या पिठाचा, किंचित आंबट, उबदार. आमच्या गोदामाच्या मागच्या भिंतीला लागून सायझिंगचा कारखाना आहे. तिथे दिवसभर सुताला कांजी चढवतात. तो वास आला की मला मागचे फाटक दिसते, फाटकातला संगणक दिसतो, आणि त्याच्यासमोर उभी असलेली एक बाई. हे मी आजवर कुणाला सांगितलेले नाही. नवऱ्याला नाही. कवितांच्या वहीलाही नाही — आणि वहीपासून मी फारसे काही लपवत नाही.

माझे काम कुणाच्या नजरेत न भरणारे आहे. मराठी साहित्यात एम.ए. केले, मग पोटासाठी संगणकाचा डिप्लोमा, आणि गेली काही वर्षे भिवंडीतल्या या गोदामातले सगळे संगणक माझ्या ताब्यात आहेत. त्यांनी कोणत्या भाषेत बोलायचे, कोणत्या देशाची वेळ पाळायची, तारीख कशी लिहायची — हे मी ठरवते. ठरवते म्हणजे काय? मुख्य कार्यालयाकडून सूचना येते, मी ती पाळते.

मागच्या फाटकातला हजेरीचा संगणक तेवढा मराठीत होता. सोमवार, मंगळवार असे वार त्याच्यावर उमटत. मला ते आवडे. मग सूचना आली: सगळीकडे इंग्रजी, सगळीकडे एकसारखे. एका दुपारी मी तो बदलला. भाषा बदलून झाली, वेळेच्या विभागांची यादी उघडी होती — आपली ओळ, तिच्याखाली श्रीलंकेची, तिच्याखाली काठमांडूची. माझ्या मनात त्या वेळी कवितेच्या एका ओळीच्या मात्रा जुळत नव्हत्या. मी त्या मोजत होते. माउसचे चाक बोटाखाली दोन घरे सरकले. मी न पाहता ‘ओके’ दाबले.

नेपाळची वेळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटे पुढे असते.

इथपर्यंत ती चूक होती. चूक कुणाची होत नाही? मी कबूल करते आहे ते पुढचे.

कुणाच्या कसे लक्षात आले नाही, असे तुम्ही विचाराल. पॅकिंगच्या बहुतेक बायका कंपनीच्या बसने अर्धा तास आधीच येत; त्यांना पंधरा मिनिटांचे काय? संध्याकाळी तेच यंत्र त्यांना पाव तास लवकर सोडत होते, त्याची तक्रार कोण करणार? मोबाईल सगळ्यांचे फाटकावर जमा. राहिली एक ताराबाई. ती शेलारहून येई — सासूला अंघोळ घालून, भाकऱ्या टाकून, धामणकर नाक्यापर्यंत शेअर रिक्षा, तिथून दुसरी. नऊला पाच मिनिटे असताना ती बोट ठेवी. यंत्र लिही: नऊ वाजून दहा.

इस्माईलभाई आमचे सुपरवायझर. माणूस वाईट नव्हे, चेष्टेखोर. सगळ्यांसमोर म्हणत, “क्या ताराबाई, तुमच्या शेलारला सूरज लेट निकलता है क्या?” बायका हसत. ताराबाईही हसे, मनगट पुढे करी. “भाई, माजा घड्याल बगा ना. टायमावर हाय मी.” — “घड्याळाला सेल टाका, ताराबाई.”

महिनाअखेरीस कंत्राटी बायकांतून कायम करायच्यांची यादी निघायची होती. ताराबाईचे नाव तिच्यात होते. महिन्यात तीनपेक्षा अधिक उशीर झाले की नाव गळायचे, कंत्राटही पुढे चालायचे नाही. तिचे अकरा भरले. इस्माईलभाईंनी मला इंटरकॉमवर फोन केला — हे त्यांच्या बाजूने लिहिलेच पाहिजे. “मॅडम, बाई इतकं बोलते, तर एकदा टाइम बघा ना.” मी म्हणाले, वेळ सर्व्हरकडून येते, ती चुकत नाही.

ते खरेही होते. वेळ सर्व्हरकडून येते. वेळेचा विभाग मात्र प्रत्येक संगणकाचा आपापला असतो. मला हे ठाऊक नव्हते का? फोन ठेवल्यावर मी माझ्या जागेवरूनच ते यंत्र उघडून पाहिले. काठमांडू.

दुरुस्ती करायला दोन क्लिक पुरत होते. एक पत्र पुरत होते — अकरा उशीर खोडले गेले असते, नाव यादीत राहिले असते. पत्राखाली माझी सही लागली असती, इतकेच. मी काय केले? मी स्वस्थ बसले. खिडकीतून तो उबदार आंबट वास येत होता.

यादी निघाली, तिच्यात ताराबाई नव्हती. त्याच संध्याकाळी, मागचे फाटक रिकामे झाल्यावर, मी विभाग बदलला. दुसऱ्या दिवसापासून बायका पाव तास उशिरा सुटू लागल्या. त्या थोड्या कुरकुरल्या, मग विसरल्या. मी अजून तिथेच आहे. नव्याने येणाऱ्यांना शिकवते — भाषा बदललीत की विभाग तपासा. आवाज स्थिर असतो माझा.

पण यादी निघण्याच्या सकाळी, ती चिकटवायच्या तासभर आधी, ताराबाई माझ्या टेबलाशी आली होती. ती माझ्याकडे यापूर्वी कधी आली नव्हती. तिने मनगटावरचे घड्याळ सोडून माझ्यासमोर ठेवले. पट्ट्याला घामाचा आणि हळदीचा वास होता. म्हणाली, “म्याडम, तुमी शिकलेल्या. तुमी सांगा, ह्यो मागं हाय का? तुमी बोलाल ता मानीन मी.”

माझ्या पडद्याची पाठ तिच्याकडे होती. पडद्याच्या कोपऱ्यात वेळ दिसत होती. घड्याळातही दिसत होती. दोन्हींत मिनिटाचाही फरक नव्हता. मी दोन्ही नीट पाहिल्या — इतक्या नीट मी त्या दुपारी विभागांच्या यादीकडे पाहायला हवे होते.

“मागे आहे,” मी म्हणाले. “पंधरा मिनिटे.”

तिने घड्याळ उचलले. कानाशी धरले, जरा वेळ ऐकले. मग बोटांनी चावी फिरवून काटा पंधरा मिनिटे पुढे सरकवला, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली,

“आसंल.”