बाळगोळीची चौकशी

गोजरबाईला राग यायला वेळ लागत नसे, पण निवायला वर्षं लागत. मोहोळकडच्या कोरडवाहू गावातून ती नवऱ्यामागे सोलापूरला आली आणि गिरणीत सूत गुंडाळायच्या रिळाच्या खात्यात लागली. भोंगा झाला की दार बंद. गिरणी सुटेस्तोवर कुणाला बाहेर सोडत नसत. मग तान्ह्या पोरांचं काय? सगळ्याजणी करत तेच तिनंही केलं. अफूची बारकी बाळगोळी दुधात उगाळून पोरीला पाजायची, झोळीत निजवायची आणि कडी लावून कामावर पळायचं. एके दिवशी ती घरी आली, तर झोळीतली तिची पोर, मायाक्का, उठलीच नाही.

हे ती कुणापाशी बोलली नाही. बोलली ती एकोणीसशे चौतीस साली, वच्छलाबाईंपाशी.

वच्छलाबाई शाळामास्तरीण. पुण्याच्या एका मंडळानं समाजाच्या अभ्यासासाठी छोटी अनुदानं द्यायला सुरुवात केली होती. विषय आजवर कुणी हाताळलेला नसावा, एवढीच अट. गिरणीतल्या आया अफू का देतात हे त्यांच्यातच राहून शोधते, असं वच्छलाबाईंनी कळवलं आणि अनुदान मंजूर झालं. शाळेतून रजा काढून त्या चाळीत राहायला आल्या, नळावर रांगेत उभ्या राहिल्या. गोजरबाई त्यांना उंबऱ्याच्या आत घेईना. मग ती तापानं फणफणली तेव्हा वच्छलाबाई उशाशी बसून राहिल्या. उठून बसता आलं तशी गोजरबाईनं सगळं सांगितलं.

"आमाला काय हौस हाय व्हय अफू पाजायची? दुपारी घटकाभर दार उघडा म्हनून मुकादमाच्या पाया पडले. तो म्हनला, दूध पाजायचं तर घरी बस. हे लिवा, बाई."

"लिहिते," वच्छलाबाई म्हणाल्या.

वर्ष सरलं. मंडळानं सोलापुरातच सभा घेतली. गोजरबाई शेजारच्या बजाबाईला घेऊन मागं बसली. वच्छलाबाई व्यासपीठावर होत्या, पण त्यांचा अहवाल वाचायला उठले मंडळाचे चिटणीस. "या चालीचे मूळ मातांच्या अज्ञानात आहे. एका मातेने तर स्वतःच्या हाताने पोटच्या मुलीचा जीव घेतला." दाराचा शब्दसुद्धा नव्हता. पुढच्या रांगेतले गिरणीचे मॅनेजर मान डोलवत होते.

गोजरबाई उभी राहिली. "ती आय मी हाय. गिरणीचं दार कुटं गेलं त्यात? मुकादम कुटं गेला?"

"शंका शेवटी विचारा," चिटणीस म्हणाले. दोघा जणांनी तिला दंडाला धरून बाहेर काढलं.

वच्छलाबाई धावत मागून आल्या. "गोजरबाई, मी लिहिलं होतं. मंडळाला देणग्या गिरणीवाल्यांच्या. त्यांनी ते प्रकरण गाळलं."

"तुमाला कवा कळलं?"

"महिना झाला."

"मग गप का बसला?"

वच्छलाबाईंनी मान खाली घातली. "पुढचं अनुदान बंद झालं असतं."

"मुकादमानं न्हाय म्हनलं ते तोंडावर तरी," गोजरबाई म्हणाली. "माझी मेलेली पोर तुमी त्यास्नी दिली. आनि मला मारेकरीन केलं."

दुसऱ्या दिवशी तिला कामावरून काढलं. त्या रागातच तिनं गिरणीसमोरच्या चिंचेला झोळ्या टांगल्या. बायकांना म्हणाली, "पोरं हितं आना. पर गोळी पाजलेलं पोर मी घ्यायची न्हाई." शेळ्या राखणारा धुळा दूध घालू लागला, बजाबाई मदतीला आली. दरवान दोनदा झोळ्या सोडायला आला. दोन्ही वेळा बायका दारातच ठिय्या देऊन बसल्या. तेव्हा कुठं दुपारी पाजायला सुटी मिळाली. तीही अगदी थोडीच.

वच्छलाबाई अनुदान सोडून शाळेत परतल्या. रविवारी त्या चिंचेखाली येत, झोळ्या हलवत. गोजरबाई त्यांच्या मांडीवर पोर देई, पण बोलत मात्र नसे.

पुढच्या वर्षी चिटणीस दोन पाहुणे घेऊन आले. "हे आमच्या अनुदानाचं फळ," त्यांनी पाहुण्यांना सांगितलं.

गोजरबाईनं कडेवरचं पोर बजाबाईकडे दिलं आणि त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "मला लिवलंत तवा मारेकरीन म्हनून. आता फळ खायला आलाय व्हय? चला, निघा. पोरं निजल्याती."

पाहुणे चिटणिसांकडे बघू लागले. वच्छलाबाई उठल्या आणि या वेळी, सगळ्यांदेखत, दाराची गोष्ट पहिल्यापासून सांगू लागल्या. गोजरबाई ऐकायला थांबली नाही. एक पोर जागं झालं होतं.