दुखणाऱ्या गोष्टीची भूक

तिला काहीही विचारा, उत्तर ठरलेलं. डबा का नाही उघडला? "सुम्ने." डोळे का सुजलेत? "सुम्ने गं." हा कानडी शब्द आमच्या म्हैसूरच्या मराठी घरांत मुरलेला. उगीच, काही कारण नाही, असा त्याचा अर्थ. कारण सांगायचं नसलं की फार सोयीचा. अशा बाया तुम्हीही पाहिल्या असतील.

आम्ही एकाच शाळेत शिकवायचो. ती गणित, मी इतिहास. दोघी अग्रहार भागात राहायचो, म्हणून ऑटो एकच. ऑटोवाल्याला मराठी येत नसे, तेवढीच आमची मोकळीक. एकदा समोर बघतच ती म्हणाली, "मला नवऱ्याजवळ जावंसं वाटत नाही. घरात मला दगड म्हणतात."

दगडावर उपाय सुरू झाले होते. सासूबाईंनी वैद्याकडून लेह्य, म्हणजे औषधी चाटण, आणलं. नवऱ्यानं गोकुलममधल्या योगवर्गाला घातलं. एका डॉक्टरांनी तर न तपासताच सांगितलं, "ताण घेऊ नका. जरा नटत जा." लेह्य ती मोगऱ्याच्या कुंडीत टाकायची. "माझं काही नाही, पण मोगऱ्याला फार उत्साह आलाय," म्हणाली. दोघी पोट धरून हसलो. मग पदर तोंडाशी धरून ती शाळा येईपर्यंत रडली.

शेवटी मी तिला ओळखीच्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तिनं मलाही आत बसवून घेतलं. बाईंनी झोपेचं विचारलं, चालू औषधांचं विचारलं, नवरा दिवसभर कसा बोलतो तेही विचारलं. मग साधेपणानं म्हणाल्या, "जवळ आल्यावर दुखतं का?"

ती टेबलाकडे बघत म्हणाली, "पहिल्यापासून."

"मग इच्छा कशी होणार? दुखणाऱ्या गोष्टीची भूक कुणाला लागते?"

भीतीनं तिथले स्नायू आखडत होते. त्याला व्यायाम होते, उपचार होते. बाळंतपणानंतर मन खचलं म्हणून सुरू झालेल्या गोळ्यांनीही इच्छा मंदावत असावी. "त्या आपल्या मनानं थांबवायच्या नाहीत, लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी मी बोलते," बाई म्हणाल्या. "आणि पुढच्या वेळी नवऱ्याला घेऊन या."

नवरा आला, तो दवाखान्याच्या फाटकापर्यंत. "दोष तिच्यात आहे. मी आत येऊन काय करू?" म्हणून स्कूटरवरच बसून राहिला.

गोळी बदलली. व्यायाम तिनं चिकाटीनं केले. काही महिन्यांनी ऑटोत म्हणाली, "दुखायचं थांबलं गं. इच्छाही आहे, आता कळतंय. फक्त त्यांच्याजवळ जायची नाही." तिच्या आवाजात आनंद नव्हता. एवढी खटपट करून हेच हाती लागलं, असा तो आवाज होता.

तिनं ते घरात सांगितलं. मग दोन्हीकडची वडीलधारी जमली. तिनं मलाही बोलावलं होतं. तिच्या बिछान्याची चर्चा ऐकायला आलेल्यांना तिनंच कॉफी दिली. तिची वहिनी म्हणाली, "तुला कमी काय आहे, सांग तरी."

"इतकी वर्षं दुखत होतं."

नवरा म्हणाला, "कधी बोलली नाहीस."

"बोलले होते. लग्नाच्या पहिल्याच महिन्यात. तुम्ही म्हणालात, सवय होईल." तिनं रिकामे पेले गोळा केले. "झाली सवय."

त्याच बैठकीत दोघांनी वेगळं व्हायचं ठरलं. तिनं हुबळीच्या एका शाळेत नोकरी धरली. मुलगी सासूबाईंजवळ राहिली. त्यांच्या मते आजारी असलेल्या आईबरोबर लेकीला पाठवायला कुणी तयार नव्हतं, तिचा सख्खा भाऊसुद्धा नाही. सुट्टीत मुलीला भेटायला येते, तेव्हाही तिला बाहेरच्या खोलीत बसवतात.

ऑटोतून आता मी एकटीच जाते.

परवा देवळाच्या पायरीवर तिच्या सासूबाई भेटल्या. म्हणाल्या, "आजार होता तिला. तुला तर माहीत आहे, अल्वा? हो ना?"

"होता. बरी झाली, म्हणून गेली."

वाटलं, आता त्या भांडतील. पण त्यांनी फुलांचा पुडा या हातातून त्या हातात घेतला, आजूबाजूला पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणला.

"ती डॉक्टरीण अजून तिथंच बसते का गं? आमच्या धाकट्या लेकीला दाखवायचं होतं."