यमुनाकाकूची खुडूक कोंबडी

शेडमध्ये शिरण्याआधी यमुनाकाकू दारात खाकरायची. अचानक माणूस दिसलं की पिंजऱ्यातल्या कोंबड्या बुजतात, जाळीत पंख अडकवून घेतात. "पाव्हण्याच्या घरात तरी आपण सांगितल्याबिगर शिरतो का?" ती म्हणायची.

काकू माझी शेजारीण. गुडीहत्नूरजवळच्या अंड्यांच्या फार्मवर दाणापाणी करायची. पंखही उघडता येत नाहीत अशा जागेत जीवाला जन्म काढायला लावणं ही क्रूरता आहे आणि ती थांबलीच पाहिजे, असं पत्रक मी मराठीत आणि तेलुगूत छापलं. फार्मवर वाटायला गेले, तर शेठने चहा पाजला आणि पत्रकं अंड्यांच्या ट्रेखाली अंथरली. काकूला माझी दया आली. "पत्रकवाली बाई, कोंबडीले वाचता येते का?"

तिनेही एकदा शेठपुढे शब्द टाकला होता, पिंजऱ्यामागे एक कोंबडी कमी भरा म्हणून. तो नुसता हसला होता.

अंडी कमी झाली की अख्खी शेड ट्रकमध्ये भरून कापायला जाते. मागच्या हिवाळ्यात काकूने त्यातली एक कोंबडी मागून घेतली. एकीने तरी माती उकरावी, एवढंच तिला पाहायचं होतं.

अंगणात सोडली, तर कोंबडी होती तिथेच बसून राहिली. दुसऱ्या दिवशीही हलली नाही. काकू हरखली. आमच्याकडे जागा न सोडणारी कोंबडी म्हणजे खुडूक. तिच्याखाली अंडी ठेवायची. काकूने गल्लीतून गावरान अंडी मागून आणली, टोपलीत भुसा घालून तिला वर बसवलं. मला म्हणाली, "लिही आता, माय होऊन राह्यली म्हणून." मी खरंच लिहायला बसले.

एका सकाळी अंडी पाहायला तिने कोंबडी उचलली. दोन्ही पाय लोंबत होते. अंड्यांच्या कवचांना अंगातला चुना पुरवता पुरवता हाडं पोकळ होऊन मोडली होती.

"बसली नव्हती वं ते," काकू म्हणाली. "तिले उठताच येत नव्हतं."

संध्याकाळी कोंबडी मेली. रिकाम्या शेडमध्ये नव्या तलंगा, अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या, आल्या, आणि काकू त्या पिंजऱ्यांत भरायला निघाली. मी वाट अडवली. निदान तू तरी भरू नकोस, म्हटलं.

"मी नाही भरल्या तर दुसरं कोणी भरीन, पंखाले धरून फेकीन," ती शांतपणे म्हणाली. "मी पोटाखाली हात घालून ठेवतो. तेवढंच हाय माझ्या हाती."

उन्हाळ्यात काकू तापाने गेली. पत्रकं मी अजून छापते. तिच्या जागी आलेला माणूस तलंगा पंखांना धरून भरतो.